मुंबई ते न्यूयॉर्क : साडेबारा हजार किलोमीटरचा हिशेब

पुण्यात कोथरूडला माझं विमान तिकिटांचं ऑफिस आहे. समोरच्या खुर्चीत येऊन बसणारी माणसं बहुतेक साठीच्या पुढची. कुणाची लेक एडिसनला, कुणाचा मुलगा जर्सी सिटीला, कुणाच्या सुनेचे दिवस भरत आलेले. बसल्या बसल्या पहिला प्रश्न येतो, "ताई, किती लांब आहे हो?" आणि लगेच दुसरा, "किती तास लागतात?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. मुंबई ते न्यूयॉर्क, सुमारे १२,५०० किलोमीटर. दुसऱ्याचं उत्तर एका वाक्यात देणारा माणूस समोरच्याला अर्धीच गोष्ट सांगतो, असं माझं इतक्या वर्षांचं मत झालं आहे. ती पूर्ण गोष्ट मी गिऱ्हाइकाला चहा पाजून सांगते, आणि तीच इथे लिहिते आहे.

१. अंतर भिंतीवरच्या नकाशावर मोजू नका

माझ्या टेबलावर एक पृथ्वीचा गोल आहे आणि त्याच्याभोवती गुंडाळलेला एक लाल दोरा. काकांना मी सांगते, दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरा, दुसरं न्यूयॉर्कवर आणि दोरा ताणा. काका दोरा पश्चिमेकडे, अरबस्तानावर न्यायला बघतात, कारण शाळेतल्या नकाशात अमेरिका डावीकडे असते. पण दोरा ताणला की तो तिथे राहत नाही. घसरतो आणि वर, उत्तरेला सरकतो. मुंबईतून निघून कच्छ, सिंध, कंदाहारच्या बाजूचा अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, मॉस्कोच्या जवळून, सेंट पीटर्सबर्गच्या बाजूने, फिनलंड, नॉर्वेतलं ट्रॉन्धाइम, आइसलँडचा दक्षिण भाग, ग्रीनलँडचं खालचं टोक, कॅनडातलं लॅब्राडोर आणि मग वरून खाली उतरत न्यूयॉर्क. अर्धी वाट ओलांडल्यावर हा दोरा जवळपास ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढलेला असतो. मुंबई १९ अंशांवर, न्यूयॉर्क ४१ अंशांच्या आत, आणि वाट जाते आर्क्टिक वर्तुळाच्या उंबऱ्यापर्यंत.

सपाट नकाशावर पट्टी ठेवून जी सरळ रेघ येते ती अरबस्तान, इजिप्त, अल्जीरिया, मोरोक्को अशी जाते. त्या रेघेने होकायंत्राची एकच दिशा धरून गेलात तर अंतर भरतं १४,२०० किलोमीटरच्या आसपास. दोऱ्याची वाट १२,५०० ची. म्हणजे वाकडी दिसणारी वाट सतराशे किलोमीटरने जवळची. हे पटवायला मला कधी गणित लागलं नाही. दोरा हातात दिला की माणूस स्वतःच म्हणतो, "अरेच्चा, खरंच की!"

हे अंतर कळलं की वेळेचा पहिला अंदाज निघतो. मोठी जेट विमानं साधारण ताशी ९०० किलोमीटरने जातात. साडेबारा हजाराला नऊशेने भागलं की चौदा तास. वारा नसता, वाटेत कुणी अडवलं नसतं, धावपट्टी आपलीच वाट बघत असती, तर चौदा तास. पुढचं सगळं या चौदा तासांत काय मिळवायचं आणि काय वजा करायचं, त्याचंच आहे.

२. आकाशालाही कुंपण असतं

दोऱ्याची वाट पुन्हा बघा. मुंबई सोडल्यावर परका देश पहिला लागतो तो पाकिस्तान. मध्ये पसरलेला रशिया. या दोन्ही देशांचं आकाश गेल्या काही वर्षांत कुणा ना कुणासाठी बंद झालेलं आहे.

फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर पाकिस्तानने आपलं हवाई क्षेत्र बंद केलं ते जुलैच्या मध्याला उघडलं. तेवढ्या काळात लांबचा वळसा आणि जादा इंधन यांपायी एकट्या एअर इंडियाला २ जुलैपर्यंत ४९१ कोटी रुपयांचा फटका बसल्याचं सरकारने संसदेत सांगितलं. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा आकाश बंद केलं, आणि दिल्लीहून उत्तर अमेरिकेला एका दमात जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला उतरावं लागलं. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चपासून अमेरिकन आणि बहुतेक युरोपीय कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही. एअर इंडियाला ती बंदी नव्हती. म्हणून भारतातून एकाच दिवशी निघालेली दोन कंपन्यांची विमानं दोन वेगळ्या वाटांनी अमेरिकेला जाताना दिसली.

याचा माझ्या गिऱ्हाइकाशी काय संबंध? सरळ आहे. मागच्या खेपेला शेजारच्या जोशीकाकूंना किती तास लागले, यावरून आपलं गणित मांडू नका. त्यांच्या आणि तुमच्या प्रवासाच्या मध्ये एखादं आकाश बंद झालेलं असू शकतं. तिकीट काढताना त्या तारखेच्या वेळापत्रकात जे तास लिहिलेत तेच धरा, आणि निघण्याच्या आठवड्यात ते पुन्हा एकदा तपासा. वेळ बदलल्याचा मेसेज मुलाच्या अमेरिकेतल्या नंबरवर जातो आणि आईवडिलांना कळतच नाही, असं फार वेळा होतं. तिकिटावर आईवडिलांचाच मोबाइल नंबर घाला.

३. जाताना सोळा, येताना साडेचौदा

"अंतर तेवढंच, मग जायला जास्त वेळ का?" हा प्रश्न निवृत्त शिक्षक हमखास विचारतात, आणि मला तो फार आवडतो. पुष्कळांनी उत्तरही ठरवून आणलेलं असतं. पृथ्वी फिरते, म्हणून विमानाखालून न्यूयॉर्क पुढे सरकतं. तसं नसतं. पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच उडत असतं. नाहीतर हडपसरच्या मैदानावर वर टाकलेला चेंडू शिवाजीनगरला पडला असता.

खरं कारण वारा. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे विमानं उडतात त्याच पट्ट्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद, वेगवान झोत वाहतात. वैमानिक त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात उष्ण आणि थंड हवेतला फरक वाढतो आणि या झोतांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर जातो. भारतातून अमेरिकेला जाताना हा वारा समोरून, येताना पाठीमागून. म्हणून नॉनस्टॉप विमान जाताना साधारण सोळा तास घेतं आणि येताना साडेचौदा. हिवाळ्यात हा फरक आणखी वाढतो.

या वाऱ्याची ताकद सांगायला माझ्याकडे दोन उदाहरणं आहेत. फेब्रुवारी २०२० मध्ये कियारा नावाच्या वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. एरवी त्याला सहा तासांहून जास्त लागतात. दुसरं उदाहरण आपल्याकडचं आणि जास्त शिकवणारं. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकवरून न नेता पूर्वेला पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अटलांटिकची वाट सुमारे १३,९०० किलोमीटर, पॅसिफिकची १५,३००. चौदाशे किलोमीटर जास्त जाऊनही विमान साडेचौदा तासांत पोहोचलं, म्हणजे आधीपेक्षा सुमारे दोन तास लवकर, कारण सगळी वाट वारा पाठीशी होता. अंतर वाढलं आणि वेळ घटला. किती किलोमीटर, एवढ्यावरच अडून बसणाऱ्याला मी ही गोष्ट सांगते.

४. तारीख नीट वाचा, त्यातही रात्रीची

इथे मी गिऱ्हाइकाला सर्वांत जास्त वेळ देते, कारण सर्वांत जास्त रडारड इथेच होते.

मुंबईहून लांबची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर छापलेलं असतं : १५ तारीख, ००.५०. घरचे १५ तारखेला सकाळी देवाला नारळ ठेवतात, दुपारी शेजाऱ्यांचा निरोप घेतात, संध्याकाळी बॅगा गाडीत टाकून मुंबईची वाट धरतात. विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. शिकलेली, बँकेत अधिकारी म्हणून निवृत्त झालेली माणसंही इथे फसतात. त्यात त्यांचा काही दोष नाही. आपल्या डोक्यात दिवस सूर्योदयाला बदलतो, तिकिटावर तो मध्यरात्री बदलतो. म्हणून प्रत्येक तिकिटाच्या प्रिंटवर मी वरच्या कोपऱ्यात लाल पेनाने मराठीत लिहिते : "१४ तारखेला दुपारी ३ वाजता घरून निघायचं", आणि खाली वार. विमानाची वेळ मी लिहीत नाही, ती छापलेली असते. घरातून निघायची वेळ कुठेच छापलेली नसते.

दुसरी गडबड दोन घड्याळांची. न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्या मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे. आपल्याकडे तसं काही नसल्यामुळे हे लक्षातच येत नाही. समजा जानेवारीत विमान रात्री दीड वाजता मुंबईहून सुटलं आणि सोळा तास उडालं. मुंबईच्या घड्याळात संध्याकाळचे साडेपाच वाजले. साडेदहा तास मागे गेलात की न्यूयॉर्कचे सकाळचे सात, तारीख तीच. तिकिटावर बघणाऱ्याला वाटतं, दीडला निघून सातला पोहोचलो, म्हणजे साडेपाच तासच की! परतीला उलटं. दुपारी साडेबाराला न्यूयॉर्क सोडलं, साडेचौदा तास उडालं, तर मुंबईत उतरताना दुसऱ्या दिवसाचे दुपारचे दीड. कागदावर दिसतात पंचवीस तास. ना ते साडेपाच खरे, ना हे पंचवीस.

माझी रीत अगदी साधी आहे. दोन्ही टोकांच्या वेळा आधी भारतीय वेळेत लिहून काढायच्या, मगच वजाबाकी करायची. वहीत दोन ओळींत होतं. घरच्यांनाही त्यामुळे कळतं की आई-बाबांचा "पोहोचलो" असा फोन भारतात किती वाजता यायला हवा. हे ठाऊक असेल तर मधले सोळा तास कुणी फोन हातात धरून बसत नाही.

५. तिकिटावरचे तास म्हणजे हवेतले तास नव्हेत

तिकिटावर जो वेळ असतो तो विमान गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या टोकाच्या गेटला लागेपर्यंतचा. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, रांगेत थांबणं, उतरण्याआधी आकाशात घिरट्या घालणं हे सगळं आलं. मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी सुट्या सुट्या वापरता येत नाहीत. गर्दीच्या वेळी म्हणूनच रांग लागते. ही रांग गृहीत धरूनच कंपन्या वेळापत्रकात काही मिनिटं जास्त ठेवतात. विमान अर्धा तास उशिरा सुटलं तरी वेळेवर पोहोचतं, त्याचं कारण बहुतेकदा हेच. तेवढ्या उशिराने घाबरून मुलीला फोन करायची गरज नाही.

६. थांबा घेतल्याने अंतर फारसं वाढत नाही, वेळ वाढतो

१४ मे १९६० रोजी एअर इंडियाने बोइंग ७०७ ने मुंबईहून न्यूयॉर्कची सेवा सुरू केली ती लंडनमार्गे. एका दमात एवढं अंतर कापणं त्या विमानाला शक्यच नव्हतं. मुंबई-न्यूयॉर्क नॉनस्टॉप विमानं सुरू झाली २००६ मध्ये. तोवर थांबा घेतल्यावाचून गत्यंतर नव्हतं. आता ते आपल्यावर आहे, आणि इथेच लोक सर्वांत जास्त गोंधळतात.

आकडे बघा. मुंबई-लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर आणि लंडन-न्यूयॉर्क साडेपाच हजार. एकूण १२,७५० च्या आसपास. फ्रँकफर्टमार्गे गेलात तरी जवळपास तेवढंच. दुबई वाटेपासून पुष्कळ बाजूला वाटते, पण मुंबई-दुबई १,९०० आणि दुबई-न्यूयॉर्क ११,००० धरले तरी बेरीज तेरा हजारांच्या थोडी आतच राहते. म्हणजे वळसा फक्त दोनशे ते साडेचारशे किलोमीटरचा. विमानाच्या वेगाने तो पंधरा मिनिटं ते अर्ध्या तासाचा. वेळ जातो तो जमिनीवर. उतरणं, पुन्हा सुरक्षा तपासणी, पुढच्या गेटपर्यंतची चाल, वाट बघणं, पुन्हा चढणं.

मग थांबा घ्यावा का? वय बघून मी वेगवेगळं सांगते. गुडघे दुखणाऱ्या, सोळा तास एका जागी बसणं न झेपणाऱ्या माणसाला मध्ये तीन तास पाय मोकळे करायला मिळाले तर बरं वाटतं. इंग्रजीची धास्ती असलेल्या आणि पहिल्यांदाच जाणाऱ्या काकूंना मात्र एकदा बसलं की थेट लेकीच्या गावी, हेच बरं. थांबा घेतलाच तर दोन तासांपेक्षा कमी नको आणि पाचपेक्षा जास्त नको. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर हवीत. स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसरी कंपनी तुमची वाट बघायला बांधलेली नसते. आणखी एक. न्यूयॉर्कहून पुढे अमेरिकेतच दुसरं विमान पकडायचं असेल तर बॅगा मुंबईहून शेवटपर्यंत टॅग केलेल्या असल्या तरी अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावर बहुतेकदा त्या स्वतः उचलाव्या लागतात, कस्टममधून न्याव्या लागतात आणि पुन्हा द्याव्या लागतात. तिथे दीड तासाचा थांबा वेळापत्रकात शक्य दिसतो. पासष्टीच्या जोडप्याला तो शक्य नसतो. वेबसाइटने दाखवला तरी मी ते तिकीट देत नाही.

एकाच नंबरचं विमान मध्ये कुठेतरी उतरू शकतं, हेही तपासायला हवं. थांबे किती, हा रकाना बघा. तिथे शून्य असेल तरच नॉनस्टॉप.

७. खरा कस लागतो तो पुणे-मुंबईत

साडेबारा हजार किलोमीटरचा वेळ मी मिनिटांच्या फरकाने सांगू शकते. कोथरूड ते मुंबई विमानतळ या दीडशे किलोमीटरचा मला सांगता येत नाही. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला तेव्हा वाटलं होतं, आता हा प्रश्न मिटला. पहाटे निघालात तर तीन तासांत पोहोचता. शुक्रवारी संध्याकाळी, शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली की, किंवा पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात ट्रक बंद पडला की सहा तासही जातात. एकदा जुलैत बोरघाटात दरड आली आणि माझ्या गिऱ्हाइकांपैकी एक कुटुंब लोणावळ्यालाच अडकलं. फोनवर आजी एकच विचारत होत्या, "विमान थांबेल का गं आपल्यासाठी?" सुदैवाने ते दुपारी बारालाच घरून निघाले होते आणि विमान मध्यरात्रीनंतरचं होतं. रात्री अकराला ते काउंटरवर पोहोचले. लवकर निघण्यावरून आजोबांनी आदल्या दिवशी माझ्याशी बराच वाद घातला होता. पोहोचल्यावर पहिला फोन त्यांनीच केला.

माझा नियम असा : आंतरराष्ट्रीय विमानासाठी विमानतळावर सुटण्याच्या तीन तास आधी, आणि त्याआधी रस्त्यासाठी सहा तास. पावसाळ्यात त्यात दोन आणखी. विमानतळावर चार तास खुर्चीत बसावं लागलं म्हणून कुणाचं काही बिघडलेलं मी पाहिलेलं नाही. घरून आणलेली पोळी-भाजी तिथे निवांत खाता येते.

पलीकडच्या टोकालाही असाच एक तुकडा असतो. इमिग्रेशनच्या रांगेत तास-दोन तास सहज जातात, मग बॅगा, मग गाडी. मुलगा न्यू जर्सीत राहत असेल तर मी आधी नेवार्कचं तिकीट बघते. केनेडी विमानतळ आणि नेवार्क यांच्यात सरळ रेषेत तेहतीस-चौतीस किलोमीटर आहेत, पण मध्ये अख्खं न्यूयॉर्क शहर आहे. दोन हजार रुपये वाचवायला केनेडीला उतरवायचं आणि मुलाला ऑफिसमधून सुट्टी घेऊन त्या रहदारीतून न्यायला लावायचं, हे मला पटत नाही.

आता बेरीज करा. घर ते विमानतळ सहा, तिथे तीन, हवेत सोळा, उतरल्यावर दोन, मुलाच्या घरी जायला एक-दीड. अठ्ठावीस-साडेअठ्ठावीस तास. मुंबई ते न्यूयॉर्क किती वेळ, याचं माझं उत्तर हे आहे.

८. औषधं घड्याळाबरोबर सरकत नाहीत

विमानाच्या आत हवेचा दाब समुद्रसपाटीचा नसतो. तो साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढा असतो, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही उंचावरचा. हवा कोरडी असते, त्यामुळे ओठ फुटतात, डोळे चुरचुरतात. पाणी पीत राहायचं आणि तास-दीड तासाने उठून दोन फेऱ्या मारायच्या. पाय लोंबकळत ठेवून तासन्‌तास बसल्याने पोटरीत रक्ताची गाठ होण्याचा धोका खरा आहे. म्हणून वयस्कर माणसांना मी कडेची सीट देते. खिडकी हवी असते सगळ्यांना, पण खिडकीशी बसलेल्या काकू शेजारच्याला उठवायच्या संकोचाने पाणीच पीत नाहीत.

सर्वांत महत्त्वाचं इन्सुलिनचं. रोज सकाळी आठला आणि रात्री आठला घेणाऱ्या माणसाने विमानात कुठलं आठ धरायचं? हा प्रश्न मी सोडवत नाही, डॉक्टरांकडे पाठवते, आणि निघायच्या आधी दोन आठवडे पाठवते. ते सोळा तासांच्या प्रवासासाठी आणि पोहोचल्यावरच्या पहिल्या दोन दिवसांसाठी वेगळं वेळापत्रक लिहून देतात. औषधं चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत ठेवायची, कार्गोच्या बॅगेत कधीच नाही.

झोपेची घडी बसायला आठवडा जातो, आणि परत आल्यावर जास्त त्रास होतो. पूर्वेकडे प्रवास केला की शरीराला दिवस आखडता घ्यावा लागतो, आणि ते त्याला जड जातं. अमेरिकेहून आलेल्या आई पहाटे तीनला उठून स्वयंपाकघरात भांडी लावत असतील तर काळजी करू नका.

व्हीलचेअर मागायला कुणी लाजू नये. चालता येत असलं तरी मागावी. लांबलचक विमानतळ, अनोळखी पाट्या आणि अनोळखी भाषा यांच्यामधून कुणीतरी हात धरून नेणं ही साठीनंतरच्या माणसाची गरजच आहे. तिकीट काढतानाच ती लिहून घ्यावी लागते.

९. तातडीच्या फोनला खरा तास सांगायचा

हे सांगणं अवघड आहे, तरी सांगते. आईवडील तिकडे जातात, तशी मुलं इकडे येतात, आणि कधीकधी त्यांना एका रात्रीत यावं लागतं. "ताई, बाबा गेले. मी किती लवकर पोहोचेन?" असा फोन येतो तेव्हा तिकडे सकाळ असते, इकडे सदाशिव पेठेतल्या किंवा साताऱ्यातल्या एका घरात माणसं जमलेली असतात, आणि गुरुजी विचारत असतात, थांबायचं का?

अशा वेळी धीर देण्यासाठी कमी तास सांगणं मला क्रूर वाटतं. "उद्या येतोय" यावर घरचे थांबतात, आणि तो उद्या संपत आला तरी मुलगा वाटेतच असतो. म्हणून मी कागद घेते आणि सरळ बेरीज करते. त्या दिवशीच्या नॉनस्टॉपमध्ये जागा मिळाली तर घरून निघणं आणि विमानतळ मिळून चार तास, हवेत साडेचौदा, मुंबईत उतरून बाहेर पडायला एक, पुण्यापर्यंत चार. म्हणजे सगळं जुळून आलं तरी तेवीस-चोवीस तास. त्या दिवशीचं विमान सुटून गेलेलं असेल तर पुढच्या विमानापर्यंतचे तास त्यात मिळवायचे. नॉनस्टॉप मिळाली नाही तर तीस धरायचे. मग मुलाला आणि इथल्या घरच्यांना, दोघांनाही, मी एकच वेळ सांगते : भारतीय वेळेने अमुक वाजता तो दारात असेल. विमान उतरण्याची वेळ सांगत नाही. देह रुग्णालयाच्या शवागारात ठेवायचा की पुढचं उरकून घ्यायचं, हे त्या एका तासावर ठरतं, आणि ते ठरवण्याचा हक्क त्या घराचा आहे. खरा तास कळला की घरचे शांतपणे ठरवतात, असाच माझा अनुभव. कुणी थांबतं. कुणी मुलाला व्हिडिओवर घेऊन निरोप देतं आणि त्याला अस्थिविसर्जनाला यायला सांगतं.

इथे सर्वांत जास्त तास खातात ती कागदपत्रं. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या मुलाकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) नसेल तर त्याला भारतात यायला व्हिसा लागतो. वकिलातीतून तातडीचा व्हिसा मिळतो, पण त्यात जो वेळ जातो तो विमान कितीही जोरात उडालं तरी भरून निघत नाही. तिथल्या व्हिसावर राहणाऱ्यांनी पासपोर्टची मुदत आणि परत अमेरिकेत शिरताना लागणारा व्हिसाचा शिक्का, दोन्ही बघून ठेवायला हवेत. नातवाच्या पासपोर्टचं नूतनीकरण तर नेहमीच राहून गेलेलं असतं. तिकीट न्यायला आलेल्या प्रत्येक आईबाबांना मी हे सांगते की तिकडे पोहोचलात, दोन दिवस झोप काढलीत, की एका संध्याकाळी सगळ्यांचे पासपोर्ट आणि ओसीआय कार्डं टेबलावर काढायला लावा, एकेकाची तारीख वाचा आणि जे संपत आलंय त्याचा अर्ज तुम्ही तिथे असतानाच भरायला लावा.